निवडलेली ज्वारी

माझ्या नोकरीचा बराचसा काळ मी घोंगडीखाली काढला. हे ऐकून लोक हसतात, म्हणून मी अजून ते असंच सांगते. पण ते खरं आहे. बुलढाण्याला एका भाड्याच्या इमारतीत आमची लहानशी प्रयोगशाळा होती. आता ती इमारतही राहिलेली नाही. धान्य, गुरांना घालायची ढेप, शेंगदाणे, दूध यांत बुरशीचं विष आहे का, हे तिथे पाहिलं जाई. हे विष डोळ्यांना दिसत नाही, पण अतिनील किरणांच्या दिव्याखाली ते निळं चमकतं. त्या दिव्याला काळोख लागतो. काळोखासाठी एक खोली होती, पण तिचं दार लावून बाईमाणसानं आत बसायचं आणि मधूनमधून साहेबांनी आत यायचं, हे कुणालाच बरं दिसेना. दार उघडं ठेवलं तर उजेड येई. शेवटी शिपायानं घरून काळी घोंगडी आणून दिली. दार सताड उघडं, खोलीत लख्ख उजेड, आणि मी टेबलाशी दिव्यासकट घोंगडी पांघरून बसलेली, अशी आमची व्यवस्था होती. शिपाई चहा आणून ठेवी आणि घोंगडीला सांगे, बाई, चहा.

काम सांगायला सोपं आहे. धान्य दळायचं, क्लोरोफॉर्ममध्ये हलवायचं, गाळायचं, आटवायचं. उरेल त्यातला एक थेंब काचेच्या पट्टीवर ठेवायचा. पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर असे. तो मीच द्यायची, अंगण सारवावं तसा, हात न उचलता. मग पट्टी बरणीत उभी करायची. बरणीच्या तळाशी थोडं द्रावण असे, ते भुकटीतून वर चढे आणि थेंबात जे जे असेल ते आपापल्या उंचीवर सोडून देई. शेजारी खात्रीच्या विषाचा एक थेंब ठेवलेला असे, ताडून पाहायला. मग घोंगडी. दोन्हीकडे सारख्या उंचीवर निळा ठिपका दिसला तर धान्य विषारी. एकाच बाजूला दिसला तर धान्य चांगलं. शेवटी आपले हात दिव्याखाली धरायचे, कुठे सांडलं असेल तर बोटावर कळे. नखं मात्र सगळ्यांचीच चमकतात. पहिल्या दिवशी ती पाहून मी हात दोनदा साबणानं धुतले होते.

साहेब पुण्याचे. माणूस चांगला. माझी भाषा ऐकून ते हसायचे नाहीत, हसू दाबायचे, आणि ते मला जास्त लागायचं. म्हणून मी पुस्तकी बोलायला शिकले आणि पुढे तेच अंगवळणी पडलं. घरी गेले तरी तोंडातून तेच निघे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, म्हणायची की ही आली की रेडिओ लावायची गरज नाही.

अक्काचं लग्न लवकर झालं. वरवट बकालच्या बाजूला एका गावी तिला दिली होती. घर शेतीवाडीचं, खाऊन-पिऊन सुखी. ती गेली, घरातलं एक तोंड कमी झालं आणि म्हणून मला पुढे शिकवता आलं, असं आई सांगायची. हे कुणी मनाला लावून घेत नसे. जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं ते बोललं जाई. अक्काही समोर बसून ऐकायची आणि मला चिडवायची, की माझ्या वाटच्या भाकरी खाऊन तू शहाणी झालीस.

मी सांगते आहे ते दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षाचं. दुष्काळात आमच्याकडच्या लोकांनी सरकारी कामांवर खडी फोडली आणि परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला. त्याची भाकर थापताना फुटायची आणि खाताना घशात अडायची. मग एक बरं वर्ष आलं. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. पण कणसं खुडून खळ्यावर पडली असतानाच आभाळ आलं आणि ती भिजली. वाळवायला ऊन मिळेपर्यंत कुणाला धीर नव्हता. लोकांनी ओलसर दाणाच पेवात घातला. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. तोंड लहान, पोट मोठं. आत कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची, तोंड दगडानं झाकून मातीनं लिंपायचं. दरवर्षी पेवाच्या भिंतीकडची थोडी ज्वारी काळी पडते, तिला आंबूस वास येतो. त्या वर्षी पेवं उघडली तेव्हा काळा रंग भिंतीपासून बराच आतपर्यंत गेला होता.

उन्हाळा लागता लागता त्या बाजूच्या गावांमध्ये माणसं पिवळी पडू लागली. आधी डोळे, मग अंग, मग पोटात पाणी होऊन पोट फुगायचं. कावीळ उतरवणाऱ्यांच्या दारांशी गर्दी झाली. डॉक्टरांनी पाहून सांगितलं की साधी कावीळ अशी नसते, आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. रोग्यांत बायकाच जास्त होत्या. कुणाला तरी आमच्या दिव्याची आठवण झाली आणि घराघरांतून ज्वारीचे डबे आमच्याकडे येऊ लागले. प्रत्येकावर गावाचं आणि घरमालकाचं नाव.

मी दळत होते, हलवत होते, आटवत होते. ठिपका एकाच बाजूला दिसे, आमच्या खात्रीच्या विषाचा. ज्वारीची बाजू काळीच. डब्यामागून डबे पाहिले, सगळे तसेच. आमचं काही चुकतंय म्हणावं तर त्याच सुमारास एका तेलाच्या घाण्यावरची ढेप आली होती आणि ती अशी चमकली होती की साहेबांनी शिपायालाही बोलावून दाखवली. म्हणजे आमची रीत ठीक होती. साहेबांनी विचार करून ठरवलं की दोष पाण्यात असणार. बायका विहिरीवर जातात, तिथेच ओंजळीनं पाणी पितात, म्हणून बायका जास्त आजारी. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

मग अक्काच्या घरचा डबा आला. वर भाऊजींचं नाव होतं. मी साहेबांना सांगितलं नाही की हे माझ्या बहिणीचं घर, पण त्या दिवशी हात जरा जपून चालवला. ज्वारी मोत्यासारखी टपोरी होती, एक खडा नाही. घोंगडीखाली पट्टी धरली. ज्वारीची बाजू काळी. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी खोलीवर जाऊन पोटभर जेवले, हे मला चांगलं आठवतं.

थोड्याच दिवसांनी भाऊजी अक्काला घेऊन माझ्या दारात उभे राहिले. एसटीनं शेगाव, तिथून खामगाव, तिथून घाट चढून बुलढाणा. अक्का उंबऱ्यातच बसली. हळदीच्या हातानं चोळावेत तसे तिचे डोळे दिसत होते. लुगड्याची गाठ पोटावर बसत नव्हती म्हणून तिनं ती छातीजवळ बांधली होती. मला म्हणाली, पाय नको, पाणी दे. मी तिला धरून उठवायला वाकले होते, नमस्कार करायचं मला सुचलंच नव्हतं, पण तिला वाटलं मी त्यासाठीच वाकते आहे.

डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, दवाखान्यात खाट रिकामी नाही म्हणाले. मग ती माझ्याच खोलीवर राहिली. भाऊजी शेतीसाठी परत गेले. साहेबांना कळलं तेव्हा ते बराच वेळ टेबलावरचे कागद सरळ करत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले की बाहेर देशी रोग्यांची लघवीसुद्धा तपासतात. तुमच्या बहिणीची मिळाली तर बरं होईल. गावातल्या बायका आमच्या माणसाला बाटली कधीच देणार नाहीत.

सकाळी मी अक्काला बाटली दिली. तिला वाटलं डॉक्टरांना हवी आहे. मीही तसंच वाटू दिलं.

त्या पट्टीवर निळा ठिपका होता. शेजारच्या खात्रीच्या ठिपक्याहून जरा खाली, पण निळा. मी घोंगडीतून बाहेर आले आणि साहेब आत गेले. बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते. म्हणाले, अंगातून जाताना हे विष थोडं बदलतं आणि पट्टीवर खाली बसतं, असं वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, काच खराब असेल, पुन्हा करा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग म्हणाले, कदाचित सगळ्यांच्याच लघवीत असं काही चमकत असेल. मी माझी तपासली, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर रुमालानं झाकलेली एक बाटली होती, आणि साहेब खिडकीतून बाहेर बघत उभे होते. तीही तपासली. तिच्यातही काही नाही. शिपाई म्हणाला, पुण्याचं पाणी साफ निघालं. साहेबांनाही हसू आलं. त्या आठवड्यात आम्ही हसलो ते तेवढंच.

म्हणजे विष अक्काच्या अंगात होतं आणि अक्काच्या ज्वारीत नव्हतं. साहेबांनी मला विचारायच्या गोष्टी नेमून दिल्या. शेंगदाणे किती खाता, तेल कुठलं, गूळ कुठला. संध्याकाळी मी त्या एकामागून एक विचारल्या. अक्का भिंतीला टेकून बसली होती. शेंगदाणे तिच्या घरी सणालाच. तेल गावच्या घाण्याचं, सगळे तेच खातात. मग मी म्हटलं की तुमची ज्वारी तर मी तपासली, ती चांगली आहे. तेव्हा तिच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी जरा समाधान दिसलं.

"चांगली असनच," ती म्हणाली. "म्याच देल्ली थे. सरकारी माणूस दारात आला, म्हणे डबाभर जवारी द्या, बुलढाण्याले तपासाले जाते. म्या म्हटलं बसा. दुपारभर निवडत बसली. एक काळा दाणा राहू देल्ला नाई."

"काऊन?" मी विचारलं. माझा रेडिओ तिथेच बंद पडला.

"तू तिथं बसते ना. तुया साहेबासमोर डबा उघडन अन् तो म्हणन, हिच्या बहिणीच्या घरी अशी जवारी खातेत. मंग तुही इज्जत काय राह्यन?"

मी विचारलं, निवडून काढलेले काळे दाणे कुठे गेले. तिला हा प्रश्नच विचित्र वाटला. कुठे जाणार, ते वेगळे दळतात. माणसांना, पोरांना, आल्यागेल्याला गोरी भाकर. काळी बायका खातात, मागून, चुलीपाशी. ती म्हणाली, "फेकाची कशी? आत्ता तं दुष्काळ गेला."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्या घरीही आई पेवातली काळी ज्वारी वेगळी दळायची आणि त्या भाकरी आम्ही दोघी आणि आई खायचो. कडवट लागायच्या. आई म्हणायची, कडू खाल्लं की पोट साफ राहतं. मी शिकायला बाहेर गेले आणि वसतिगृहाच्या पोळ्या खाऊ लागले तेव्हा ती चव सुटली. प्रयोगशाळेत डबे उघडताना ती चव माझ्या तोंडाशी एकदाही आली नाही. डब्यात ज्वारी होती, कागदावर घरमालकाचं नाव होतं, आणि त्या घरातलं कोण काय खातं हे कागदावर नव्हतं.

मग लक्षात आलं की एकट्या अक्कानंच असं केलं नसणार. आमच्याकडे घराबाहेर जाणारं धान्य कुणी तसंच देत नाही. शेजारणीला सूपभर ज्वारी उसनी द्यायची तरी ती पाखडून, निवडून. सरकारला द्यायची म्हटल्यावर तर गावोगावच्या बायका मान मोडेपर्यंत निवडत बसल्या असतील. चांगले दाणे आमच्याकडे आले आणि वाईट सगळे त्यांच्या पिठात गेले. डबा जितका स्वच्छ, तितकी त्या घरातल्या बाईची भाकर काळी.

मला अक्काचा राग आला. आजारी माणसावर रागवायचं नसतं म्हणून मी उठून भांडी घासायला बसले. घासून झालेली भांडी पुन्हा घासली. मग राग गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. ते काहीच नसणं पुढे बरेच महिने राहिलं.

साहेब म्हणाले, काळे दाणे आणा. मी अक्काच्या गावी गेले. तिच्या सासूनं माझे पाय धुवायला पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली आणि लगेच चूल पेटवली. मी म्हटलं, मावशी, मला काळी ज्वारी हवी आहे, तपासायला. त्या म्हणाल्या, आमच्या घरी काळी ज्वारी नाही. मी म्हटलं, अक्कानं सांगितलं. त्या म्हणाल्या, तिला तापात काही सुचत नसेल. आणि माझ्यापुढे भाकर आणून ठेवली, पांढरीशुभ्र, पातळ, पापुद्रा सुटलेली, वर लोण्याचा गोळा. मी ती खाल्ली. न खाऊन सांगते कोणाला. खाऊन झाल्यावर काळी ज्वारी पुन्हा मागितली. त्यांचा चेहरा उतरला. सुनेच्या बहिणीनं घरात येऊन चुलीमागचं मागावं, याचा त्यांना खरोखर अपमान वाटला.

"पाहुणीच्या हातात काळी जवारी देऊ काय?" त्या म्हणाल्या. "गावात तोंड कुठं दाखू?"

"मावशी," मी म्हटलं, "अक्का मरून जाईन."

त्या उठल्या. आत गेल्या आणि झाकलेलं डालं घेऊन आल्या. दाणे राखाडी होते, काही पार काळे, मधूनमधून हिरवट. त्यांनी ते माझ्या पिशवीत स्वतःच्या हातांनी भरले. भरताना म्हणाल्या की मी तर जन्मभर हेच खाल्लं. त्यांच्याही डोळ्यांच्या कडा पिवळट होत्या. मी त्यांना सांगितलं की हे खाऊ नका, उरलेलं पुरून टाका, जनावरालाही घालू नका. त्यांनी मान हलवली. मी निघाले तेव्हा त्यांनी माझी ओटी भरली, गोऱ्या ज्वारीनं.

ती काळी ज्वारी अशी चमकली की शिपाई आजही सांगतो, घोंगडीतून उजेड बाहेर पडला. तसं होत नाही, पण मी त्याला कधी खोडलं नाही. साहेबांनी वर कळवलं. मग गावोगाव सांगून निवडून काढलेले दाणे मागवले, बायकांकडूनच, पुरुषांना न विचारता. पिशव्या आल्या आणि एकामागून एक निळ्या निघाल्या. गावांत दवंडी दिली गेली. काही घरांनी काळी ज्वारी पुरली, काहींनी नुसतं हो म्हटलं. वरून कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी पेढे आणले आणि पहिला मला दिला. मी तो खाल्ला. गोड होता.

घरी मी अक्काला सगळं सांगितलं. तिला विष वगैरे फारसं कळलं नाही, पण एक गोष्ट तिच्या मनात राहिली. तिला ते पाहायचं होतं. तिच्या अंगातलं काय ते चमकतं, ते. मी टाळत होते. शेवटी एका रविवारी शिपायाकडून किल्ली घेऊन मी तिला हळूहळू चालवत नेलं. स्टुलावर बसवलं, आदल्या दिवशीची तिचीच पट्टी हातात धरली आणि दोघींवर घोंगडी घेतली. तिच्या अंगाला औषधाचा वास येत होता. दिवा लावला. आधी तिला तिची नखं दिसली आणि ती घाबरून हात मागे घेऊ लागली, तेव्हा मी माझीही दाखवली. मग ठिपका दाखवला.

ती खूप वेळ पाहत राहिली. "लय सुंदर हाय वं," ती म्हणाली. "असा रंग लुगड्यात कुठं भेटत नाई."

मी हो म्हटलं. घोंगडीखाली उकडत होतं. तिनं विचारलं की हा रोज बघून तुला भीती वाटत नाही का, आणि मी म्हटलं नाही. ते खरं होतं. मला त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि तो किती हाडं हाडं झाला आहे, हे मी एखाद्या तिऱ्हाईत बाईविषयी लक्षात घ्यावं तसं लक्षात घेतलं.

अक्का त्याच उन्हाळ्यात गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

आम्ही तिची बाटली अधूनमधून तपासत राहिलो. माझ्या खोलीवर ती रेशनच्या गव्हाची पोळी खात होती, त्यामुळे विष आत जाणं थांबलं होतं. ठिपका फिका होत चालला. साहेबांना ते फार महत्त्वाचं वाटे. प्रत्येक पट्टी ते आधीच्या पट्टीशेजारी धरून पाहत आणि म्हणत, उतरतंय. डॉक्टर मात्र तसं काही म्हणत नव्हते. त्यांनी एकदा सुईनं तिच्या पोटातलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. मला बाजूला घेऊन म्हणाले की यकृतच गेलंय, आता त्यांना जे आवडेल ते द्या. मी साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, पण ठिपका तर उतरतोय. मला दोघांचंही पटत होतं. एक पट्टीकडे पाहून बोलत होता, एक बाईकडे पाहून.

पोळी तिला जड जाऊ लागली, मग मी वरणभात केला. मग भाताची पेज. मग उसाचा रस. भाऊजी आले, तिच्या उशाशी बसले, तिला सासूनं दिलेलं लोणचं दाखवलं. तिनं बोटानं चाखल्यासारखं केलं आणि बरणी माझ्याकडे सरकवली. अंधार पडायच्या आत शेतातली पाणंद ओलांडून घरी पोचायला हवं म्हणून भाऊजी दुपारच्या गाडीनं गेले.

मग एक दिवस पट्टीवर काहीच नव्हतं. मी दिवा जवळ आणला, लांब नेला, पट्टी तिरकी धरली. खात्रीच्या विषाचा ठिपका आपल्या जागी निळा होता आणि अक्काची बाजू पूर्ण काळी होती. मी साहेबांना बोलावलं. ते घोंगडीखाली गेले आणि बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या साध्या माणसाला कुणी साहेब केलं, असं मला वाटलं. म्हणाले, आता त्यांच्या अंगात विष नाही. तुम्ही आत्ताच घरी जा आणि सांगा त्यांना.

मी भर दुपारी घरी गेले. अक्का जागीच होती. उशाशी सकाळचा उसाचा रस झाकून ठेवलेला, होता तेवढाच. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं की आज काही दिसलं नाही, तू साफ झालीस.

"काईच नाई?" तिनं विचारलं.

"काहीच नाही."

ती जरा हसली. मला चिडवताना हसायची तशीच. "कसं दिसन, बाई," ती म्हणाली. "पोटात काई जातच नाई तं."

मग ती म्हणाली की तू सकाळपासून जेवली नसशील, तर जेव, माझ्यासमोर बस. मी स्टोव्ह पेटवला, माझ्यापुरत्या पोळ्या केल्या, तिच्या समोर ताट घेऊन बसले आणि सगळ्या खाल्ल्या. मला भूक लागली होती.